कोलकात्याचे जादूघर

बुद्धगयेचे दर्शन झाले की आपली माणसे लगेच परतीची गाडी धरतात. हाताशी दोन दिवस असतील तर कोलकाताही पाहून यावे. शहर परके, भाषा परकी. पण 'जादूघर' म्हटले की कोणीही वाट दाखवतो. इंडियन म्युझियमला तिथले लोक याच नावाने ओळखतात. पार्क स्ट्रीट मेट्रो स्टेशनपासून ते जवळच आहे. सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

१८१४ साली स्थापन झालेले हे संग्रहालय फार मोठे. सगळेच पाहू गेलो तर पाय दुखतात, मुले कंटाळतात आणि लक्षात काहीच राहत नाही. म्हणून आधी भारहूतचे दालन गाठावे.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत येथे मोठा स्तूप होता. त्याचे दगड लोकांनी घरे बांधायला नेले. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे पोहोचले. उरलेला तांबूस दगडाचा कठडा व तोरण पुढे कोलकात्याला आणले गेले.

या शिल्पांत भगवान बुद्धांची मूर्ती शोधू नये. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा अशा चिन्हांतूनच ते येथे दिसतात. मुलांना जेतवनाचे गोल शिल्प जरूर दाखवावे. अनाथपिंडकाने जमिनीवर नाणी अंथरून जेतवन विकत घेतले, तो हा प्रसंग. त्यात बैल सोडलेली गाडी आहे, नाणी वाहणारा गडी आहे, खाली बसून नाणी मांडणारी माणसे आहेत. कष्टकऱ्यांनाही शिल्पकाराने जागा दिली.

दगडांवरची अक्षरे ब्राह्मी लिपीतली. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. भिक्खू, भिक्खुणी, उपासिका, एक शिल्पकार, एक घोडेस्वारसुद्धा!

ही लिपी पुढे कोणालाच वाचता येईना. याच कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ती उलगडली. सांचीच्या कठड्यावरील कितीतरी छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांनी हेरले. तो शब्द 'दानं' असावा, असे ताडले. त्यातूनच पुढे सम्राट अशोकाचे लेख वाचता आले. राजाचे शब्द उघडणारी किल्ली प्रजेच्या दानात सापडली!

मोठी इमारत, दारावर पहारा. इथे आपले काय काम, असे म्हणून कोणी बाहेरूनच परत फिरू नये. तिकीट काढून मुलाबाळांसह आत जावे. त्या दगडांवर नावे आपल्यासारख्याच माणसांची आहेत.