दोस्ती पक्की, मग कागद कच्चा का?

नागपुरात धंदा सुरू करायला फार काही लागत नाही. एक दोस्त, दोन प्लेट तर्री पोहे आणि 'करून टाकू ना बे!' एवढं वाक्य पुरतं. नाव ठरतं, लोगो ठरतो, इन्स्टाग्रामवर पेजही तयार होतं. राहतो तो कागद. त्याचा विषय काढला, की वातावरण एकदम सीरियस!

आमचंही तेच झालं. गोकुळपेठेत टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं युनिट टाकायचं ठरलं. मी नोकरी सोडणार नव्हतो, म्हणून पैसे बहुतेक माझे. त्यानं सोडली होती, म्हणून मेहनत त्याची. पार्टनरशिप डीड करून घेऊ, असं मी म्हटलं आणि शाळेपासूनचा दोस्त गप्पच झाला. मग म्हणाला, ''तुले भरोसा नाही का माह्यावर?''

दोन दिवस फोन नाही. आता याला उत्तर काय द्यायचं? भरोसा आहे म्हणावं, तर मग कागद कशाला? कागद हवा म्हणावं, तर भरोसा नाही! शेवटी मी १९३२ चा भागीदारी कायदाच वाचायला घेतला आणि खरी गंमत कळली.

पार्टनर्समध्ये वेगळं काही ठरलं नसेल, तर कायदा नफा-तोटा समसमान धरतो. भांडवलावर व्याज नाही. आणि धंद्यात राबल्याबद्दल पगार मागायचा हक्कही नाही! म्हणजे कागद नसला तर जास्त मार कुणाला? दिवसाचे बारा तास मशीनपाशी उभं राहणाऱ्याला. म्हणजे त्यालाच! हे मी त्याला वाचून दाखवलं. त्यानं मुकाट्यानं पेन घेतलं आणि स्वतःच्या पगाराचा आकडा लिहिला.

दुसरा प्रश्न सगळेच विचारतात. फर्म रजिस्टर करायलाच हवी का? सक्ती नाही. पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातले पैसे मागायला गिऱ्हाईकावर दावा लावता येत नाही. पार्टनरवरचा करारातला हक्कही कोर्टात मागता येत नाही; फर्म मोडून हिशेब मागण्यापुरता रस्ता मोकळा राहतो. उलट, फर्मचं देणं मात्र प्रत्येक पार्टनरकडून पूर्ण वसूल होऊ शकतं, अगदी घरच्या पैशातूनही. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची एक चक्कर त्यापेक्षा स्वस्त!

तिसरा प्रश्न उधारीचा. 'पुढच्या महिन्यात पाहू' हे ज्यानं ऐकलं नाही, तो धंदेवाईकच नाही. पण २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, की आमच्यासारख्या छोट्या उत्पादकाचं बिल लेखी ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. लेखी काहीच नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती फुकट होते, सुरुवातीलाच करून टाका.

सगळ्यात अवघड ओळ शेवटची होती. वेगळे झालो, तर नाव कुणाचं? हल्दीराम हे नाव नागपूरकरांना सांगायला नको. त्या घराण्याची जुनी फर्म १९७४ मध्ये विसर्जित झाली, तेव्हा नावाचीही वाटणी झाली. पश्चिम बंगाल एकीकडे, उरलेला देश दुसरीकडे. तरी दिल्लीत १९९१ मध्ये त्या नावावरून दावा लागलाच. दावा लावणाऱ्यांची फर्म तेव्हा रजिस्टर नव्हती, म्हणून आक्षेप आला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २००० मध्ये निकाल लागला. ट्रेडमार्कचा हक्क कायद्यातून येतो, करारातून नाही. त्यामुळे दावा चालेल. एवढ्या मोठ्या नावाचं असं, तर आपली काय कथा?

आमच्या ब्रँडचं नाव त्यानं सुचवलं होतं. पैसे माझे असले तरी मी डीडमध्ये लिहिलं, नाव त्याच्याकडे राहील. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. सही केली. मग म्हणाला, ''हे आधी सांगतेस नं बे!''

भरोसा मनात असतो, मान्य. पण तो समोरच्याला दिसावा असं वाटत असेल, तर लिहून द्या!