वाटसरूंचा कायदा

लातूरहून नांदेडला जाणारी एस. टी. चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा अशी गावे एकामागून एक मागे टाकीत गोदावरीच्या दिशेने धावू लागते, आणि नांदेड आता आलेच असे वाटून उतारू पिशव्या सावरू लागतात, तोच अलीकडच्या तीरावर विष्णुपुरी लागते. यात्रेकरू सहसा येथे उतरत नाही. त्याला पुढे सचखंड गुरुद्वारापर्यंत जायचे असते. उतरतात ते विद्यार्थी, त्यांचे चिंतातुर पालक आणि आमच्यासारखे उत्तरपत्रिका तपासायला बोलावलेले प्राध्यापक.

न उतरणाऱ्यांनी मात्र काही गमावलेले असते. नदीकाठी काळेश्वराचे जुने देऊळ आहे. जवळच धरणाने अडवलेले गोदावरीचे विस्तीर्ण पाणी आहे. त्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. हेच पाणी उपसून शेतांना दिले जाते. १९८१ साली येथे गुरु गोविंदसिंगजींच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाच्या परिसराला नाव दिले आहे ‘ज्ञानतीर्थ’. स्वामीजींच्या नावात तीर्थ, परिसराच्या नावात तीर्थ आणि नदीपलीकडे तर प्रत्यक्ष तीर्थक्षेत्र! तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पार होण्याची जागा. मराठीच्या मास्तराला एवढे सापडले की त्याचा दिवस सार्थकी लागतो.

पण यंदा या तीर्थाच्या दारात मला एका वेगळ्याच प्रश्नाने गाठले. माझे एक जुने विद्यार्थी नांदेडात गुरुद्वारापासून हाकेच्या अंतरावर दहा खोल्यांचे लॉज चालवतात. मी विष्णुपुरीला आल्याचे कळताच ते मुलीला घेऊन भेटायला आले. मुलगी नुकतीच बारावी झालेली. तिला म्हणे कायदा आणि पर्यटन व्यवस्थापन अशी जोड पदवी घ्यायची होती.

“सर,” वडील म्हणाले, “वकील होते म्हणाली असती तर समजलो असतो. लॉजच सांभाळते म्हणाली असती तरी समजलो असतो. पण ही खिचडी कसली? लोक विचारतील, मुलगी वकील की वाटाडी?”

मी मुलीकडे पाहिले. ती मुळीच गोंधळलेली नव्हती. “सर, बाबांना लुधियान्याहून नोटीस आली होती, ते विचारा ना,” ती म्हणाली.

हकीकत अशी की एका कुटुंबाने फोनवरून दोन खोल्या ठरवल्या, आणि गर्दीच्या दिवसांत आयत्या वेळी मिळाली एकच. वडिलांची समजूत अशी की, भांडण नांदेडचे तर निवाडाही नांदेडातच व्हायचा! मुलीने कायद्याचे पुस्तक उघडून दाखवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही त्याला तक्रार करता येते. तेव्हा पंजाबच्या पाहुण्याला नांदेडात पुन्हा हेलपाटा घालायची गरज नाही. अर्थात हीच सोय आपल्यालाही आहे. नांदेडच्या माणसाला परगावच्या यात्रा कंपनीने फसवले, तर तो नांदेडात बसून दाद मागू शकतो. प्रकरण अखेर आपसांत मिटले. पण मुलीच्या मनातला विचार काही मिटला नाही.

त्याचे मूळ आणखी मागे होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडात अडकून पडले. गुरुद्वाऱ्याच्या लंगराने त्यांना जेवू घातले. एप्रिलच्या अखेरीस पंजाबहून बसगाड्या आल्या, तेव्हा ती माणसे परतीला लागली. या लॉजमध्येही तीन कुटुंबे महिनाभर होती. जवळचे पैसे संपलेले. “आम्ही भाडे घेतले नाही,” वडील म्हणाले. आणि ते म्हणताना त्यांचा आवाज किंचित उतरला. मुलगी तेव्हा शाळेत होती. दारातली वीज, पाणी आणि किराणा यांची बिले तिने पाहिली होती, आणि रात्री गॅलरीत बसून रडणारी एक म्हातारीही पाहिली होती. अशा वेळी पाहुण्याचा हक्क कोणता, यजमानाचे कर्तव्य कोठे संपते, आणि सरकारचे कोठून सुरू होते? तिला हे शिकायचे होते.

मी म्हटले, हा प्रश्न काही पोरकट नाही. या मुलखाला वाटसरूचे कौतुक नवे नव्हे. जवळच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात. ते येथून पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. उलट दिशेने गुरु गोविंदसिंग दक्षिणेत आले, आणि १७०८ साली नांदेडात त्यांनी देह ठेवला. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी येथे गुरुद्वारा बांधवला. महानुभावांनी तर चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले त्या स्थळांची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’च लिहिली. आपल्या भाषेचे पहिले गद्य असे पायी हिंडलेले आहे.

आणि वाटसरूमागे कायदाही चालत आलेला आहे. इंग्रजांनी १८६७ साली सराईंचा कायदा केला. सराईवाल्याने दप्तरी नोंद करावी, जागा स्वच्छ ठेवावी, अशी त्याची मागणी होती. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी हैदराबाद राज्याने १९५६ साली खास कायदा केला, आणि त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. इकडे वेरूळ-अजिंठ्यासारख्या केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीवाचून नाही, असा नियम २०१० पासून आहे. देवळाजवळ चहाची टपरी टाकू पाहणाऱ्या माणसालाही हे ठाऊक हवे.

“म्हणजे तुम्हीही तिच्याच बाजूचे,” वडील म्हणाले.

“बाजूचा आहे, पण एक अडचण आहे,” मी म्हटले.

परदेशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, कायद्याबरोबर दुसरी पदवी जोडून घेण्याची रीत रूढ आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घ्यायला मुभा दिली, तेव्हा अनेकांना दारे सताड उघडल्यासारखे वाटले. पण वकिलीचा दरवाजा बार कौन्सिलच्या हाती आहे, आणि तिच्या २००८ च्या नियमांनुसार कायद्याच्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या नियमित पदवीच्या वर्गात नाव घालता येत नाही. मार्ग दोनच. एक, बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, ज्यात व्यवस्थापन आणि कायदा आधीच एका दोरीने बांधलेले असतात. दुसरा, आधी पर्यटनाची तीन वर्षांची पदवी आणि मग कायद्याची तीन. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पर्यटनाचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे त्यात पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय होते. “तेव्हा,” मी वडिलांना म्हटले, “एकाच वेळी दोन स्वतंत्र पदव्या देतो म्हणणारी जाहिरात दिसली, तर फी भरण्याआधी एवढेच विचारा: या पदवीवर सनद मिळणार का?”

वडिलांनी बोटांवर हिशेब केला. पाच वर्षे, सहा वर्षे. मध्येच मुलीच्या वयाचाही हिशेब झाला, हे मला ओठांवरून कळले. पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता ती नांदेडातच पाच वर्षांच्या कायद्याच्या वर्गात आहे. पर्यटन व्यवस्थापनाचा वर्ग तिने संध्याकाळी घरच्याच गल्ल्यावर भरवला आहे. परवा गेलो तेव्हा लॉजच्या भिंतीवर एक नवी पाटी दिसली: खोलीचे भाडे, आगाऊ रक्कम, खोली रद्द केल्यास किती परत मिळतील, गर्दीच्या दिवसांचा नियम. मराठीत, हिंदीत आणि गुरुमुखीत. तळाशी एक ओळ जास्तीची होती: काही कारणाने प्रवास थांबला, तर आधी आमच्याशी बोला.

वडील पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, “ही शेवटची ओळ कुठल्या कलमात येते, ते तिलाही अजून सापडलेलं नाही.”