वायफाय डोंगल, तीन अर्ज आणि आमची दगडी भिंत

आज पाठ नाही, टाचणही नाही. बऱ्याच घरांत एक जुना डेस्कटॉप कोपऱ्यात धूळ खात असतो. आमच्याकडच्या तसल्याच एकाला घरचं वायफाय जोडताना माझी जी फजिती झाली, ती सांगते. कुणाची तरी एक रात्र वाचेल.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाचवीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि शाळेत दिवसभर लाईट नव्हती. तीन मुलांचे अर्ज राहिले. त्यातली एक ऊसतोड कामगारांची मुलगी. आईवडील कारखान्यावर गेलेले, ही परीक्षेसाठी आजीजवळ मागे राहिलेली. शाळा सुटताना तिने विचारलं, "बाई, माझा फॉर्म गेला का?" मी म्हटलं, "आज रात्री जाणार." म्हटलं खरं!

मोबाईलवर तो फॉर्म मला कधीच धड भरता आलेला नाही. डेस्कटॉपला वायफाय नव्हतं, म्हणून येताना तालुक्याहून नखाएवढा डोंगल घेऊन आले. लावला, तर काहीच नाही. सोबत सीडी होती, पण आमच्या सीडी ड्राईव्हचा ट्रे कधीचाच अडकलेला. डिव्हाईस मॅनेजर उघडलं, तर डोंगलच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. म्हणजे कॉम्प्युटरला वस्तू दिसतेय, पण तिच्याशी बोलायचं कसं ते कळत नाही. ते सांगणारा ड्रायव्हर हवा. ड्रायव्हरसाठी नेट हवं, नेटसाठी ड्रायव्हर हवा. आता काय करायचं?

नववीतला भाचा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "मावशी, मोबाईल केबलने जोड ना. चार्जिंगचीच केबल." मोबाईलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग असतं, ते चालू केलं की मोबाईल स्वतः ज्या वायफायवर आहे तेच नेट केबलमधून कॉम्प्युटरला देतो. सिमचा डेटासुद्धा खर्च होत नाही. इतकी वर्षं ती केबल मी फक्त चार्जिंगलाच वापरत होते.

नेट आलं, पण एकही साईट उघडेना. प्रत्येक ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही" अशी पाटी. व्हायरस शिरला की काय, असं वाटून घाम फुटला. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. मग सहज खाली उजवीकडे नजर गेली. तारीख होती 1 जानेवारी 2010! मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपली की कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालत नाही. आणि प्रत्येक सुरक्षित साईटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. आमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची होती. तारीख हाताने बदलली, साईट उघडली. तिसरा अर्ज गेला तेव्हा 10 वाजून 40 मिनिटं झाली होती. पावतीचा फोटो काढून ठेवला आणि झोपले.

डोंगलचं काम रविवारी काढलं. ड्रायव्हर टेदरिंगवरूनच उतरवून घेतला, पिवळं चिन्ह गेलं, नेटवर्कची यादी आली. पण त्यात आमच्या वायफायचं नाव नाही! शेजाऱ्यांचं दिसतंय, वरच्या आळीतलं दिसतंय, आमचंच नाही. राऊटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी राऊटर उलटा केला तेव्हा खालच्या स्टिकरवर दोन नावं दिसली. राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतो, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. मोबाईलवर आम्ही रोज वापरतो ते 5 चं नाव. माझा स्वस्तातला डोंगल फक्त 2.4 चा, त्याला ते दिसणारच नाही. आणि 2.4 चं कंपनीने दिलेलं आकड्यांचं नाव यादीत पहिल्यापासून होतं, मी ते दुसऱ्या कुणाचं समजत होते. हजेरीपटावर एक नाव, घरी हाक मारायला दुसरं, अशी मुलं दरवर्षी पटावर असतात की नाही? तरी माझ्या लक्षात आलं नाही.

स्टिकरवरचाच पासवर्ड टाकला, जोडलं गेलं, पण एकच कांडी. राऊटर पुढच्या खोलीत टीव्हीवर, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मध्ये आजेसासऱ्यांच्या काळातली दीड हात जाड दगडी भिंत. त्यात डोंगल सीपीयूच्या मागे, पत्र्याच्या आड. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली आणि डोंगल दरवाजाच्या चौकटीजवळ कपाटावर ठेवला. तीन कांड्या आल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीला एवढ्या वर बसवलंय!" भिंतीतून 5 पेक्षा 2.4 चा सिग्नल बरा जातो, म्हणून स्वस्त डोंगलचं मला फारसं वाईट वाटलं नाही. बॅटरीही बदलली, 2032 नंबरची, घड्याळाच्या दुकानात मिळते. बदलताना प्लग काढलेला हवा, एवढं मात्र पाळा.

सोमवारी तिन्ही पावत्या वर्गात दिल्या. त्या मुलीने तिची पावती दोनदा वाचली, मग म्हणाली, "बाई, आजीला दाखवायला घरी नेऊ का?"