आजीच्या पाटल्या

लेकीच्या फीसाठी पैसे कमी पडत होते. न मागता आईने हातातल्या पाटल्या काढून पुढे ठेवल्या. बेळगावच्या आजीने लग्नात सुनेला 'बंगार' म्हणून घातलेल्या त्या पाटल्या.

वास्कोतल्या सराफाने त्या यंत्राखाली धरल्या. "मॅडम, चौदा कॅरेट." आई तिथे गप्प राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "सासूबाईंनी मला फसवलं का गं?"

मी कपाटातली जुनी डबी उघडली. तळाशी सोनाराची कानडी पावती होती. आईला कानडी बोलता येते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवले: सन १९६४, १४ कॅरेट.

मग उलगडा झाला. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि चौदा कॅरेटहून अधिक कसाचे दागिने घडवायला बंदी आली. ती १९६६ मध्ये उठली. चौदा कॅरेट म्हणजे हजार भागांत सुमारे ५८३ भाग सोने; बाकी तांबे, चांदी. आपल्या नेहमीच्या बावीस कॅरेटमध्ये ९१६ भाग. आजीने तेव्हा कायद्याने मिळत होते तेच सोने घेतले, आणि पावतीही जपली.

आज हॉलमार्कवरचा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक मोबाइलवर तपासता येतो. तरी दागिन्याच्या डबीत पावती ठेवाच. लेकीसुनांना ती कधीतरी लागते.

फीची सोय पतसंस्थेच्या कर्जातून झाली. पाटल्या पुन्हा आईच्या हातात आहेत. फोनवर मावशीला ती सांगत होती, "सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या."