लेण्याद्रीच्या वाटेवरचा नाका

"बाबा, तालुका आंबेगाव म्हणतात, मग आंबेगाव कुठे आहे?" आमच्या नववीतल्या कन्येने घोडेगावच्या स्थानकावर हा प्रश्न विचारला तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. तालुक्याची कचेरी घोडेगावात, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली. तासाभराने धरणाच्या काठावर उभे राहून मी तिला ते पाणी दाखवले. पलीकडे भीमाशंकरचे डोंगर, अलीकडे निळेशार पाणी. मुलीने भराभर छायाचित्रे काढली. "गाव दिसत नाही," एवढाच तिचा अभिप्राय.

खरे तर आम्ही निघालो होतो लेण्याद्रीला. अष्टविनायकांपैकी सात आमच्या सौभाग्यवतींचे झाले होते. आठवा, गिरिजात्मज, तेवढा पायऱ्यांच्या धास्तीने दर वर्षी पुढच्या वर्षावर जात होता. नारायणगावात माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. बी. ए.ला माझ्याकडे मराठी घेऊनही त्याचे चांगले चालले आहे. जानेवारीतल्या त्या शुक्रवारी तोच आम्हांला घोडेगावहून न्यायला आला. वाटेत त्याने या मुलखाचे गणित दोन वाक्यांत सांगितले. पाऊस पश्चिमेला, डोंगरात पडतो; डिंभे, माणिकडोह, वडज अशी धरणे तो अडवतात; आणि कालवे ते पाणी पूर्वेकडे नेतात. डोंगरातल्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांवर पावसाळ्यात भात होतो, आणि भात झोडून झाला की तीच माणसे पाण्याच्या मागोमाग पूर्वेकडे मजुरीला उतरतात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याने मला उठवले. "सर, माणसं आणायला नाक्यावर जातोय. येता का?"

नारायणगाव म्हटले की तमाशा, हे आपल्याला ठाऊक असते. विठाबाईंचे हे गाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात. पण रोज सकाळी येथे आणखी एक बाजार भरतो, त्याची मला कल्पना नव्हती. रस्त्याच्या कडेला शे-दोनशे बाया आणि पन्नासएक पुरुष उभे. डोक्याला घट्ट बांधलेले फडके, हातात भाकरीचे फडके आणि पाण्याची बाटली. पिकप गाडी थांबली की दहा जणी पुढे होत, बोलणे होई, आणि गाडी भरून निघून जाई. भाजीच्या बाजारात गिऱ्हाईक जुडी उलटून पाहते. येथे तोंडाकडे पाहतात. मी एका खांबाआड झालो. का, ते सांगता येत नाही.

एका शेतकऱ्याने कालच्यापेक्षा पन्नास रुपये कमी सांगितले. कोणी भांडले नाही. पुढे उभ्या असलेल्या एका वयस्क बाईने नुसती मान फिरवली, आणि तिच्या मागच्या अकरा जणींनी एकदम पाठ केली. शेतकऱ्याने गाडी पुढे नेली, दुसऱ्या टोळीशी बोलला, तिथेही तोच दर ऐकला आणि परत आला. पन्नास रुपये परत मिळाले. सगळ्या प्रकाराला पाच मिनिटेही लागली नसतील. युनियन नाही, अध्यक्ष नाही, निवेदन नाही!

"रोज असं जमत नाही," विद्यार्थी म्हणाला. "द्राक्षाचं काम असलं की त्यांचं चालतं, काम कमी झालं की आमचं. आणि सर, टोमॅटोचा क्रेट मातीमोल भावानं गेला, त्या वर्षी मी कुणाकडं पाठ करायची?" त्याचेही खोटे नव्हते.

ती वयस्क बाई आपल्या टोळीसह दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कांद्याच्या लागणीला यायची होती, म्हणून ओळख झाली. मावशी डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या. हंगामभर टोळी नारायणगावात एका खोलीत राहते. मी विचारले, "मावशी, तुमची संघटना आहे का?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षांमागं माझी जाऊ पिकपमधून पडली. पाय मोडला. शेतकरी म्हणाला, माझ्या रानात पोचलीच नव्हती. गाडीवाला म्हणाला, मी नुसता भाड्यानं आलो. मुकादम म्हणाला, मी पाठवलंच नव्हतं. मग दादा, ती त्या दिवशी कुणाच्या कामाला होती?"

या प्रश्नाने मी गप्प झालो, त्याला घरचे कारण आहे. मी स्वतः नऊ वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तास घेतला तर पैसे, सुट्टीत नाहीत. लग्नाच्या बैठकीत मला 'प्राध्यापक' म्हणून मिरवले गेले, पण महाविद्यालयाच्या हजेरीपटावर माझे नाव नव्हते. कार्यालयात वेगळी वही होती, तीत मी सही करी. प्राध्यापकांच्या संघटनेच्या सभेला मी मागच्या बाकावर बसत असे. कायम झालो, आणि पुढच्या बाकावर आलो.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. सौ.नी त्या माझ्या आधी चढल्या. देवदर्शन झाल्यावर मी कन्येला आजूबाजूची लेणी दाखवली. गिरिजात्मज स्वतः एका बौद्ध लेण्यातच बसला आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत अशी लेणी शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतले कोरीव लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली छापून प्रसिद्ध केले. त्यांत राजे आहेत, व्यापारी आहेत, एक शक उपासकही आहे; पण मला ओढ आहे ती श्रेणींची. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केले आहे. दुसऱ्यात वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडून महिन्याला पावणेदोन आणि कांस्यकारांच्या श्रेणीकडून पाव अशी व्याजाची नोंद आहे. कांस्यकार म्हणजेच आपला कासार. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी टोपल्या विणणाऱ्यांची पत एवढी होती, की लोक त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवीत आणि ते दगडात कोरून घेत. श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना नव्हे, हे मला कळते. ती कारागिरांची आणि मालकांची संस्था होती, आणि त्यांच्या हाताखाली राबणाऱ्यांचे नाव त्या दगडावरही नाही. तरीही एकत्र आल्याने नावाला वजन येते, हे या डोंगराने फार पूर्वी पाहिले आहे.

आपल्या काळात हे वजन कायद्याने यायला वेळ लागला. ना. म. जोशींनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला, १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. पण युनियन नोंदवली तरी मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे असे त्यात नव्हते. ती सक्ती करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली आणि कधीच अंमलात आली नाही! महाराष्ट्राने १९७१ मध्ये आपला मान्यतेचा कायदा केला. देशभरासाठी मात्र वाटाघाटीच्या युनियनची तरतूद आली ती २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत. ती २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून लागू झाली. संपाआधी चौदा दिवसांच्या नोटिशीची अट तीत सर्वच उद्योगांना लावली, म्हणून कामगार संघटना तिच्यावर नाराज आहेत, आणि माझ्या मते ते रास्त आहे.

पण मी ती वाचली मावशींसाठी. युनियन नोंदवण्यापुरती 'कामगार' या शब्दात असंघटित कामगारही धरला आहे. सात जणींनी अर्ज करावा. उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढे सभासद असावेत. शंभर बाया म्हणजे नारायणगावच्या नाक्याचा अर्धा भाग. येथवर दार उघडे आहे. पुढे मात्र वाटाघाटीचा हक्क एकट्या युनियनला हवा तर आस्थापनेच्या मस्टरवरच्या एक्कावन्न टक्क्यांचा पाठिंबा लागतो. नाक्याचे मस्टर कुठे आहे? आज कांदा एकाचा, उद्या द्राक्षे दुसऱ्याची.

यावर आपल्याच राज्यात एक तोड निघाली होती. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. हमालाला एक मालक नसतो, म्हणून मंडळ स्थापन झाले. मालकही तेथे नोंदवायचे आणि टोळ्याही, मजुरी मंडळातून आणि वर लेव्ही, तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी. नारायणगावचा टोमॅटोचा क्रेट रात्रीतून वाशीला जातो. तेथे जो हमाल तो उतरवतो त्याचे नाव मंडळात असते. येथे ज्या बाईने तो भरला, तिचे कुठेच नाही. शेतमजुरीला माथाडी कायदा लागू नाही, आणि लहान शेतकऱ्यावर लेव्ही बसवणे सोपे नाही हेही खरे. माझा विद्यार्थी तर ऐकूनच चमकला. "पण द्राक्ष निर्यात करणारे आहेत, अडते आहेत, त्यांच्यापासून सुरू करायला काय हरकत आहे?" हे मात्र त्यालाच सुचले.

संध्याकाळी परतताना त्याने मावशींच्या खोलीपाशी गाडी थांबवली. लागणीचे ठरवायचे होते. दारात एक शाळकरी नात शंभर पानी वहीत काही लिहीत बसली होती. पानावर तारीख, खाली बारा नावे, समोर कोणाचे शेत, रोजाने की उक्ते, आणि शेवटच्या रकान्यात गाडीचा नंबर. जावेचा पाय मोडल्यापासून मावशींनी हा पाठ ठेवला आहे. गाडी सुटण्याआधी कोणीतरी नंबर मोबाइलवर टिपते, आणि संध्याकाळी नात तो वहीत उतरवते. "कुणी म्हणालं आमच्याकडं नव्हती, तर दाखवायला," मावशी म्हणाल्या.

मी मराठी शिकवतो हे तोवर त्यांना कळले होते. वही माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "सर, नावं राहू द्या, ती आम्हांला येतात. नंबर तेवढे बघा. पोरीचा इंग्रजी आठ आणि तीन सारखाच येतो."

मी मोबाइलवरची चित्रे पाहत पान पान ताडून पाहिले. एम. एच. १४ च्या पुढचे दोन आकडे चुकले होते. खिशातले पेन काढून ते मी दुरुस्त केले, आणि नातीला आठ कसा काढावा ते दाखवले.