साष्टीतील जुनी मुंबई

माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या, ऊस आणि साखर कारखाना यांभोवती जगणाऱ्या गावातून राजधानी पाहण्यास निघालेल्या माणसाच्या यादीत गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक आणि चौपाटी एवढी स्थळे बहुधा ठरलेली असतात. जोगेश्वरी, अंधेरी, बोरिवली ही नावे त्याला ठाऊक असतात ती नातेवाइकांच्या घरांचे पत्ते म्हणून. वस्तुतः मुंबईचे प्राचीनत्व या पत्त्यांच्याच आसपास आहे. गेटवेचे बांधकाम १९२४ साली संपले. ज्या साष्टी बेटावर, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडील विस्तीर्ण भूभागावर, आजची उपनगरे पसरली आहेत तेथील लेणी मात्र त्याहून हजार-दोन हजार वर्षांनी जुनी आहेत, आणि तरीही १९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकल्यावर तो प्रदेश शहरात ‘नव्याने’ आला असे मानले गेले.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून त्यांचे खोदकाम इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. सातवाहनकालीन चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनास्थान, सर्वांच्या नजरेत भरते; परंतु या स्थळाचे खरे वैभव पाण्याच्या व्यवस्थेत आहे, असे म्हणावेसे वाटते. कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी लेण्यालगतच्या पोढीत, म्हणजे खडकातील टाक्यात, उतरवलेले असल्यामुळे भिक्षूंना ते निवासाच्या दाराशीच मिळे. पोढ्यांसाठी व लेण्यांसाठी दान देणाऱ्या कल्याण, सोपारा अशा गावच्या व्यापाऱ्यांची नावे ब्राह्मी शिलालेखांत वाचता येतात. पुढे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. भिंतीवर नाव लिहिण्याची पर्यटकाची हौस इतकी जुनी आहे, हे खरे असले तरी आजच्या हौशी मंडळींना त्यातून सूट मिळत नाही.

दहिसरजवळच्या मंडपेश्वराची कथा वेगळी आहे. या शैव लेण्याचे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ख्रिस्ती उपासनास्थान केले आणि माथ्यावर मठ बांधला. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आणि खंडित नटराज आज एकाच आवारात पाहावयास मिळतात. महाकाली लेणी अंधेरीच्या कचेऱ्यांमध्ये दडली आहेत, तेथील गोल स्तूपगृहासाठी तरी वाट वाकडी करावी.

जोगेश्वरीचे प्रशस्त शैव लेणे सहाव्या शतकातील मानतात. तेथे पोहोचण्यासाठी दाट वस्तीतून उतरावे लागते, आणि लेण्याच्या छतालगतच घरे आल्याने सांडपाण्याची ओल आत झिरपते, शिल्पांचे चेहरे तर जवळजवळ पुसले गेले आहेत. संरक्षित स्मारक म्हणून त्याची उपेक्षा उघड आहे. तथापि आत जोगेश्वरी देवीची नित्य पूजा होत असल्यामुळे हे लेणे कान्हेरीसारखे केवळ पाहण्याचे स्थळ उरलेले नाही, आणि घरे हटवावीत असे सुचवणाऱ्या अभ्यासकालाही याच वस्तीतील भाविकांची गर्दी हिशेबात धरावी लागते.