उशिरा आलेलं इंजिन

मिरज स्टेशनच्या पादचारी पुलावर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहाजण जमतो. काम काहीच नसतं, गाड्या बघायच्या असतात. २०१७ च्या अखेरीपासून तिथं एक वाद चालू आहे: बिहारमधल्या मढौऱ्याचं नवं डिझेल इंजिन आपलं मानायचं की नाही? ही टिपणं त्या वादातली. कुणाशी काय बोलणं झालं ते घरी येऊन वहीत उतरवत गेलो, तसंच इथं देतोय.

*

पुलावर नवीन येणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने अमेरिकेच्या जीई कंपनीशी १००० डिझेल इंजिनांचा करार केला. ७०० इंजिनं ४५०० अश्वशक्तीची, ३०० इंजिनं ६००० अश्वशक्तीची. पहिलं ऑक्टोबर २०१७ मध्ये जहाजाने मुंद्रा बंदरात उतरलं. नंतर ती सारण जिल्ह्यातल्या मढौरा गावी बनू लागली. लहानाचं नाव डब्ल्यूडीजी-४जी, मोठ्याचं डब्ल्यूडीजी-६जी. त्यातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि मधला जी म्हणजे मालगाडीसाठी. देखभालीची शेडं दोन, उत्तर प्रदेशात रोझा आणि कच्छमध्ये गांधीधाम. २०१९ मध्ये जीईचा रेल्वे विभाग वॅबटेक कंपनीत विलीन झाला, पण पुलावर आम्ही सगळे अजून 'जीई'च म्हणतो.

*

आमच्यात तट तीन, तीन अमेरिकी कंपन्यांच्या इंजिनांवरून. ऍल्कोवाले, ईएमडीवाले आणि जीईवाले. मी जन्माने ऍल्कोवाला. पुणे शेडच्या डब्ल्यूडीजी-३ए इंजिनांवर वाढलेल्या माणसाला दुसरा पर्याय नव्हता.

तट पडतात ते आवाजावरून. त्याचा हिशेब एकदा मांडून बघावा. ऍल्कोला १६ सिलिंडर आणि चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात ८ सिलिंडर पेटतात. ईएमडीलाही १६ सिलिंडर, पण दोन स्ट्रोक, त्यामुळे एका फेऱ्यात १६ च्या १६ पेटतात. ठोका सुटा ऐकूच येत नाही, सलग घरघर येते. डब्ल्यूडीजी-४जीला १२ सिलिंडर आणि चार स्ट्रोक. एका फेऱ्यात ६. म्हणजे ठोका ऍल्कोपेक्षाही सुटा आणि जड. ईएमडी येऊन वीस वर्षं झाली तरी ज्यांचे कान तिला सरावले नाहीत, त्यांना जीईत जुनं काहीतरी परत मिळालं. मलाही मिळालं. पुलावर हे कबूल करायला मी दोन वर्षं घेतली.

*

ऍल्को आणि जीई, दोघांचं गाव एकच: न्यूयॉर्क राज्यातलं स्केनेक्टडी. १९५३ पर्यंत दोघांचा संसारही एकत्र होता. इंजिन ऍल्कोचं, विजेची सामग्री जीईची, विक्री दोघांच्या नावावर. मग जीई वेगळी झाली, स्वतःची इंजिनं बनवू लागली आणि तिच्यापुढे ऍल्कोला टिकाव धरता आला नाही. १९६९ मध्ये ऍल्कोने इंजिनं बनवणं थांबवलं. तिकडे थांबलं, पण वाराणसीत जानेवारी १९६४ पासून सुरू झालेली ऍल्कोची परंपरा आपल्याकडे पुढची कित्येक दशकं चालत राहिली. अमेरिकेतल्या शौकिनांना ज्या आवाजासाठी संग्रहालयं गाठावी लागली, तो आमच्या गावातून रोज जात होता.

*

मामा पस्तीस वर्षं इंजिन चालवून निवृत्त झाले. त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला ऍल्कोचा धूर आवडायचा का?"

"धूर तुम्हाला आवडतो रे, पुलावरून बघणाऱ्यांना. आमच्या नाकात जायचा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ऍल्कोचा टर्बो फिरतो धुराड्यातून निघणाऱ्या गरम वायूवर. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे शक्तीचा टप्पा, ओढला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोने वेग घेऊन पुरेशी हवा कोंबायला काही सेकंद जातात. मधल्या वेळेत अर्धवट जळलेलं डिझेल काळा लोट होऊन बाहेर येतं. ईएमडीचा टर्बो सुरुवातीला गिअरवर फिरतो, म्हणून तिथं तो लोट नाही. नव्या जीईत किती डिझेल सोडायचं ते संगणक ठरवतो. हवा नाही तर डिझेल नाही.

"म्हणजे ज्याचे तुम्ही फोटो काढत होता ना," मामा म्हणाले, "ते फुकट गेलेलं डिझेल होतं."

ऍल्कोवाल्यांचा धुराचा मुद्दा माझ्यापुरता त्या दिवशी संपला.

*

मामांची एक आठवण मात्र जशीच्या तशी लिहून ठेवतो. पावसाळ्याचे दिवस, खताची भरलेली गाडी, लोणंद सोडून सालप्याहून आदर्कीला चढायचं. रुळावर ओल. चाक घसरलं की आधी पायाखालच्या पत्र्याला कळतं, मग कानाला, मग मीटरचा काटा हलतो. एक नॉच कमी करायचा, वाळू सोडायची, चाकाने पकड घेतली की पुन्हा ओढायचं. बोगदा यायच्या आत वेग पडला तर गाडी तिथंच बसली म्हणून समजा. ऍल्कोचं लांब नाक पुढे असलं तर वळणावरचा रूळही दिसायचा नाही. मग मान खिडकीबाहेर, आणि पाऊस तोंडावर.

आता ती पकड संगणक सांभाळतो. चाक किती घसरू द्यायचं ते तोच सेकंदागणिक ठरवतो. ही विद्या आपल्याकडे १९९९ मध्ये ईएमडीच्या ४००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ बरोबर आली आणि जीईत आणखी पुढे गेली. "कौशल्य गेलं" असं पुलावर हळहळून बोलतात. मामा असं कधीच बोलले नाहीत.

*

सामाखियाळी, कच्छ. डिसेंबरातली सकाळ. फाटकाबाहेर दीड तास उभा होतो. मुंद्र्याकडून दोन मजली कंटेनरची गाडी आली, पुढे दोन डब्ल्यूडीजी-४जी, आणि नेमकी सिग्नलला थांबली.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी तिथं दिसल्या. मागच्या टोकाला रेडिएटरचे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले पंख प्रत्यक्षात केवढे मोठे आहेत! अमेरिकेतले शौकीन जीईच्या इंजिनांना 'टोस्टर' म्हणतात, ब्रेकच्या जाळ्यांची पेटी बघून मला तेच आठवलं. इंजिन नुसतं उभं होतं, पण स्वस्थ नव्हतं. ठोका, किंचित थांबा, ठोका. पुढच्या बाजूला लटकणारे हवेचे पाइप त्या ठोक्यावर हलत होते. रंगावर मिठागरांची पांढुरकी धूळ बसलेली.

सिग्नल मिळाला. ऍल्को अशा वेळी ओरडते, काळी होते, अख्ख्या गावाला सांगते. जीईने आवाज सावकाश चढवला आणि एवढी लांब गाडी हलली तरी क्षणभर मला कळलं नाही. पहिल्या वॅगनवरचा कंटेनर खांबाच्या पुढे सरकलेला दिसला तेव्हा कळलं. धूर एवढासा, राखाडी, वाऱ्यावर लगेच विरला. चौथ्या-पाचव्या वॅगननंतर दोन्ही इंजिनांचे ठोके एकमेकांत मिसळले. छातीत काहीतरी झालं, ते मी पुलावर कुणाला सांगितलं नव्हतं.

*

सगळ्यात जोरदार आक्षेप इंजिनावर नाहीच, वेळेवर आहे. ज्या नोव्हेंबरात मढौऱ्याचा करार झाला, त्याच महिन्यात बिहारमधल्याच मधेपुऱ्याचाही झाला: अल्स्टॉमबरोबर, १२,००० अश्वशक्तीची ८०० विजेची मालगाडी-इंजिनं. एकीकडे तारा टाकायच्या, दुसरीकडे डिझेल घ्यायचं. पाठोपाठ सगळा ब्रॉडगेज विजेवर नेण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२१ मध्ये मालवाहतूक मार्गावर दीड किलोमीटर लांबीची दोन मजली कंटेनरगाडी उंच तारांखालून विजेवर धावली. डिझेलचा शेवटचा हुकमी डाव होता तोही गेला. जून २०२२ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण विजेवर आली.

मला हा आक्षेप मान्य आहे. तारा टाकल्या हे योग्यच झालं, घाटातल्या गावांची हवा सुधारली. वादळात तारा तुटल्या तर डिझेलच धावून येतं, हेही खरं. पण त्यासाठी हजार इंजिनं लागत नाहीत. मात्र यात इंजिनाचा दोष शोधू नये. आपल्याकडे आलेलं सर्वांत चांगलं मालगाडीचं डिझेल डब्ल्यूडीजी-४जी आहे असं माझं मत बनलंय. ते पंधरा वर्षं आधी यायला हवं होतं.

*

वाराणसीच्या कारखान्यात २०१८ मध्ये दोन जुन्या डब्ल्यूडीजी-३एंना जोडून १०,००० अश्वशक्तीचं विजेचं जोडइंजिन बनवलं. ज्या दिवशी त्याचा फोटो पाहिला त्या दिवशी आमचा एक मित्र जेवला नाही. मला तो चेहरा लगेच ओळखू आला होता, तोच ऍल्कोचा सांगाडा, डोक्यावर पँटोग्राफ. भंगारात जाण्यापेक्षा बरं, असं मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

*

मढौऱ्याची इंजिनं आता पश्चिम आफ्रिकेत गिनीला चालली आहेत, सिमांदूच्या लोहखनिजासाठी. एकूण १५०. जून २०२५ मध्ये पहिलं निघालं, नाव 'कोमो'. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर ही धावणार नाहीत, ती १४३५ च्या गेजची. कुठल्या तरी डोंगरातल्या पोराचं बालपण त्या आवाजावर घडेल, याचा मला आनंद आहे.

*

अनेक डिझेल शेडांत आता विजेची इंजिनं उभी असतात. ऍल्कोचे आमच्याकडे हजारो फोटो आहेत, पण आदर्कीच्या चढावरचा आठव्या नॉचचा आवाज, नीट, वारा न लागता टिपलेला, आमच्या सहाजणांपैकी एकाकडेही नाही. रोज जात होती ना, मग कशाला टिपायचा.

डिसेंबरात पुन्हा कच्छला जायचं ठरलंय. चांगला मायक्रोफोन उसना मिळालाय. मामा म्हणतात मीही येतो, फाटकाशी खुर्ची टाकून बसतो. त्यांना जीईचा ठोका ऐकायचाय, इंजिन उभं असतानाचा.